‘नक्की?’ हे बरोबर उत्तरालाही विचार

टीईटीच्या पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला ३० गुण असतात. त्यातले तुझे फारसे गेले नाहीत, हे वहिनींनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. पियाजेच्या अवस्था, वायगॉट्स्की, ब्रूनर, थॉर्नडाइकचं मांजर, पावलोव्हचा कुत्रा, सगळं तुला तोंडपाठ. आता पवित्र पोर्टलनं तुला अक्कलकोट तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत आणून सोडलंय. पहिली-दुसरी तुझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे, आणि सर मीटिंगला गेले की चारही तुझ्याकडे. म्हणून तू विचारतेस, आत्या, त्या ३० मार्कांतलं वर्गात नेमकं काय वापरायचं?

सुरुवातीला काहीच वापरू नकोस. आधी चुकीचं उत्तर येऊ दे आणि ते कुठून आलं ते शोध. सापडेना तेव्हा पुस्तक उघड.

म्हणजे काय ते सांगते. दुसरीतला एखादा मुलगा ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहितो. तू फुली मारतेस, शेजारी २५ लिहून देतेस, तोही मुकाट्यानं २५ उतरवून घेतो. दुसऱ्या दिवशी ६४ वजा ३८ दिलंस की लिहितो ३४. पोरगं निष्काळजी आहे असं वाटतं ना? उलट त्याच्याइतकं शिस्तीत कुणीच करत नसेल. त्याचा नियम ठरलेला आहे: वर असो की खाली, मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. हा नियम त्यानं आणला कुठून? आपणच दिला. ‘लहानातून मोठं जात नाही’ असं पहिलीत आपण किती वेळा म्हणतो! त्यानं ते मनापासून ऐकलं, एवढंच. आता त्याला सरावाला आणखी दहा उदाहरणं दिलीस तर तो चुकीचा नियम दहा वेळा पक्का करील.

पियाजेची सुरुवात अशीच झाली, हे तुमच्या गाईडमध्ये बहुधा नसेल. १९२० च्या सुमाराला तो पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता. किती उत्तरं बरोबर हे मोजणं त्याचं काम, पण त्याचं लक्ष गेलं चुकलेल्या उत्तरांकडे. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकतात, म्हणजे त्यांच्या विचाराला काही रीत आहे, हे त्याला दिसलं, आणि पुढची साठ वर्षं तो तेच शोधत राहिला. अवस्थांची नावं नंतर आली. तू नावं विसरलीस तरी चालेल, ती खोड तेवढी उचल. आणि ऑसुबेल आठवतो का? मुलाला आधीपासून काय माहीत आहे ते शोधा आणि त्यावरून शिकवा, असं तो १९६८ मध्ये सांगून गेला. मला विचारशील तर अख्ख्या पेपरातली ही एकच गोष्ट रोज सकाळी उपयोगी पडते.

तर त्या मुलाला म्हण, ‘कसं केलंस, मला सांग बरं.’ आणि मग गप्प बस. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं टेप करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. हीच वेळ तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, मागच्या रांगेतली मुलंही तोंड उघडतात. तीन सेकंद! मनातल्या मनात ‘सिद्धेश्वर महाराज की जय’ म्हणून बघ, तेवढा वेळ जातो. तुझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं असतील. त्यांना प्रश्न मराठीत ऐकून, आत उलगडून, उत्तर पुन्हा मराठीत आणायचं असतं. त्यांच्यासाठी दोनदा म्हण.

आता ‘नक्की?’ या शब्दाकडे येते, कारण तो आपण सगळे बेफिकीरपणे वापरतो.

पियाजेचा चिंचोक्यांचा प्रयोग तुला माहीत आहे. त्याच्याकडे चिंचोके नव्हते, पण आपल्याकडे पोतंभर आहेत. सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या. ‘सारखे आहेत का?’ मूल म्हणतं, हो. मग त्याच्या देखत एक ओळ लांब पसरायची आणि पुन्हा तेच विचारायचं. पाच वर्षांचं मूल सहसा म्हणतं, लांब ओळीत जास्त. पियाजेचा निष्कर्ष असा की संख्या मांडणीवर ठरत नाही हे त्याला अजून उमगलेलं नाही. हे पहिलीच्या वर्गात एकेकाला जवळ घेऊन जरूर करून बघ. ज्याला लांब ओळ जास्त वाटते त्याच्याकडून पानंच्या पानं बेरजा करून घेण्यात अर्थ नाही. त्याला मोजायला, मांडायला, मोडायला आणि पुन्हा मोजायला दे.

पण या गोष्टीला पुढं एक वळण आहे. १९७४ मध्ये दोन संशोधकांनी, रोज आणि ब्लँक यांनी, पहिला प्रश्न गाळला. ओळ पसरल्यावर एकदाच विचारलं. बरोबर उत्तरं वाढली. स्कॉटलंडमध्ये मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांचे सहकारी यांनी एक खोडकर टेडी अस्वल आणलं. मोठ्या माणसाच्या हातून नव्हे, तर त्या अस्वलानं ‘चुकून’ ओळ विस्कटली. तेव्हाही कितीतरी जास्त मुलं म्हणाली, सारखेच आहेत की! म्हणजे काही मुलांना संख्या कळत होती. त्यांना कळत नव्हतं ते एवढंच की ही बाई समोरची वस्तू हलवून तोच प्रश्न परत का विचारते. त्यांनी अंदाज बांधला: मघाचं उत्तर बाईंना आवडलं नसणार.

आता आपला वर्ग बघ. मूल बरोबर बोललं की आपण म्हणतो ‘शाब्बास’, चुकलं की म्हणतो ‘नक्की?’ पंधरा दिवसांत सगळ्या वर्गाला ही खूण कळते. मग ‘नक्की?’ ऐकलं की मूल विचार करत नाही, उत्तर बदलतं आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघतं. तुला वाटतं त्याला समजलं. म्हणून सांगते, बरोबर उत्तरालाही त्याच सुरात ‘नक्की? कशावरून?’ विचार. पहिले काही दिवस हुशार मुलं सुद्धा गडबडून बरोबर उत्तर खोडतील. खोडू देत. जेव्हा एखादी पोरगी मान वर करून ‘हो, नक्की, मी मोजलंय’ म्हणेल, तेव्हा तुझ्या वर्गाची घडी बसायला लागली असं समज.

आणि याच कारणानं पियाजेच्या वयांना भिंत मानू नकोस. ‘याचं अजून वय झालेलं नाही’ असं म्हणून हात झटकायला त्याच्या नावाचा फार वापर होतो. पियाजे आणि वायगॉट्स्की दोघेही १८९६ चे. पियाजे १९८० पर्यंत जगला, वायगॉट्स्की क्षयानं १९३४ मध्येच, सदतिसाव्या वर्षी गेला. तो म्हणत होता की मूल आज एकट्यानं काय करतं यापेक्षा कुणाच्या मदतीनं काय करू शकतं ते बघा, कारण उद्या ते तेच एकट्यानं करणार आहे. वर्गात मला दोघेही लागले. पियाजेनं घाई करू दिली नाही, वायगॉट्स्कीनं हात बांधून बसू दिलं नाही.

तुझ्या शाळेपुरती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगते. ती कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगत नाही.

मी नोकरी केली ती सोलापूर शहराच्या पूर्व भागात. तिथं घराघरात तेलुगु. बाप मागावर, आई विड्या वळणारी, आजी तेलुगुतच ओरडणारी. तुझ्याकडे कन्नड. या मुलांना मराठी अंक येत नाहीत अशी तक्रार तू पहिल्याच शिक्षण परिषदेत ऐकशील. त्याआधी एक कर. त्यांना घरच्या भाषेत छत्तीस म्हणायला सांग. तेलुगु मूल म्हणेल ‘मुप्पै आरु’, म्हणजे तीस सहा. कन्नड मूल म्हणेल ‘मूवत्तारु’, तेही तीस आणि सहा. लिहितानाही आधी तीन, मग सहा. बोलणं आणि लिहिणं एकाच दिशेनं जातं. मराठीत? ‘छत्तीस’मध्ये आधी सहा ऐकू येतो, मग तीस. मूल कानाला इमानदार राहतं आणि ६३ लिहितं. एकोणसत्तरची तर वेगळीच तऱ्हा: त्यात सहाही ऐकू येत नाही आणि नऊही नाही. सत्तरला एक उणा हा हिशेब सहा वर्षांच्या पोरानं चालता चालता करायचा. घरी तेच मूल ‘साठ नऊ’ अशा अर्थाचं काही म्हणत असतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी रीत जोडीला दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! विधानसभेतसुद्धा थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो म्हणून हा दुसरा रस्ता दिलाय. पुण्या-मुंबईत तो वादाचा विषय होता. सोलापुरात मात्र त्या रस्त्यानं येणारी मुलं कितीतरी होती आणि आहेत. म्हणून तू दोन्ही म्हण. ‘तीस आणि सहा, छत्तीस.’ ‘साठ आणि नऊ, एकोणसत्तर.’ काही आठवडे असंच चालू दे. छत्तीस यायलाच हवं, बाजारात तेच लागतं, पण पूल बांधल्यावर. घरचं गणित पक्कं असलेल्या मुलाला ‘याला अंकच येत नाहीत’ असा शेरा मिळू नये.

शाब्दिक उदाहरणांतही हेच होतं. ‘सीमाकडे ८ पेन्सिली आहेत. त्या मीनाकडच्यापेक्षा ३ जास्त आहेत. मीनाकडे किती?’ अर्धा वर्ग ११ म्हणेल. ‘जास्त’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजाबाकी, असे शब्द हेरून ठेवायला आपणच शिकवलेलं असतं. इथं आकडे झाकून ठेव आणि विचार, कुणाकडे जास्त? कन्नडमध्ये सांगितलं तरी चालेल म्हण. ‘गोत्तिल्ल’ म्हणजे माहीत नाही, हा पहिला शब्द तू शिकून घे. पोरं बाईला कन्नड शिकवताना जितकं बोलतात तितकं एरवी बोलत नाहीत.

आता त्या ५२ वजा २७ कडे. ब्रूनरनं सांगितलेल्या तीन पायऱ्या तुला पाठ आहेत: हातानं करणं, चित्रात बघणं, चिन्हात लिहिणं. आपल्या शाळांत काड्यांचे गठ्ठे असतातच. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलाच्या पुढ्यात ठेव. ‘यातल्या सत्तावीस मला दे.’ दोन गठ्ठे तो लगेच देतो. मग सात सुट्या काड्या द्यायला जातो आणि अडतो. तू काही बोलू नकोस. थोड्या वेळानं तो गठ्ठ्याच्या रबराकडे बघेल. रबर त्यानं स्वतः काढलं पाहिजे. तू काढून दाखवलंस तर तो ‘बाईंनी गठ्ठा सोडला’ एवढंच शिकतो. दशक मोडतो म्हणजे काय होतं हे त्याच्या बोटांना कळलं, की मग चित्र: गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्या काडीला टिंब. रेघ खोडून दहा टिंबं. मग आकडे.

बहुतेक ठिकाणी मधली पायरी गाळली जाते. सोमवारी काड्या, मंगळवारी थेट फळ्यावर ‘हातचा’. मुलाच्या डोक्यात काड्यांचं एक गणित आणि वहीतलं दुसरं, अशी दोन वेगळी गणितं तयार होतात. मूल वहीत अडलं तर काड्यांवर परत ने, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटू देऊ नकोस. ज्याला गरज उरली नाही त्याच्यापुढून काड्या उचलायलाही विसरू नकोस. काही वर्गांत चौथीपर्यंत काड्याच चाललेल्या मी बघितल्यात.

मदत कधी काढून घ्यायची, यावर वूड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये लिहिलं, तिथून ते ‘स्कॅफोल्डिंग’ आलं. तुम्ही व्याख्या पाठ केलीत. पूर्व भागातल्या हातमागाच्या घरात ती व्याख्या चालताना दिसायची. पोराला बाप पहिल्या दिवशी मागावर बसवत नाही. आधी कांड्या भरायच्या. मग शेजारी बसून बघायचं, तुटलेला धागा जोडायचा. मग साधं कापड, बाप जवळ. चुकलं की बाप हात घालतो, जमलं की उठून चहाला जातो. वर्गात आपण नेमकं उलटं करतो: जमलं की ‘शाब्बास’ म्हणून मागे उभं राहतो आणि चुकलं की ‘स्वतः विचार कर’ म्हणून पुढं जातो.

दोनशिक्षकी शाळेत तुला एक गोष्ट फुकट मिळते, मोठ्या शाळेत ती मिळत नाही. वेगवेगळ्या वयाची मुलं एका खोलीत असतात. जोड्या लावताना सगळ्यात हुशार मुलाला सगळ्यात मागच्या मुलाशेजारी बसवायचा मोह होईल. टाळ. हुशार मूल उत्तर सांगून मोकळं होतं, मागचं उतरवून मोकळं होतं. एकच पायरी पुढं असलेलं मूल शेजारी दे. त्याला ती अडचण कालपरवाच आलेली असते, म्हणून ते नीट सांगतं, आणि सांगताना त्याचंही पक्कं होतं. जोडी दर पंधरवड्याला बदल. तेच मूल कायम मदत घेणारं आणि तेच कायम देणारं, असं होऊ देऊ नकोस. चित्रात, झाडांच्या नावांत, ढोरांच्या माहितीत मागचं मूल पुढं असतं. तिथं त्याला देणारा कर.

दिवाळीनंतर ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा काही मुलं उठून जातील आणि काही नवी येतील. आलेलं मूल तिसरीचं आहे म्हणून तिसरीचं पुस्तक हातात देऊ नकोस. ‘असर’वाले २००५ पासून गावोगाव जी चाचणी घेतात, अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट, ती पाच मिनिटांत होते. ते मूल जिथं आहे तिथून सुरू कर. दिवसातला एक तास सगळ्या शाळेचे गट वर्गावर न करता अशा पातळीवर करावेत, यासाठी सरांना पटव. पण एकच तास. दिवसभर तसंच ठेवलं की गटाचं नाव मुलाला चिकटतं.

नाव चिकटणं भयंकर असतं. ‘ढ’ आपण म्हणत नाही आता, पण २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर ‘अप्रगत’ हा सरकारी शब्द आला आणि पोरं एकमेकांना तोही म्हणायला लागली. शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलावर परिणाम होतो असं रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी १९६८ मध्ये दाखवलं. तो परिणाम किती मोठा यावर पुढं पुष्कळ भांडणं झाली. मला वर्गात दिसलं ते साधं होतं: ज्याच्याकडून उत्तराची आशा नसते त्याच्यासाठी आपण ते तीन सेकंद थांबत नाही.

बिडीच्या घरातल्या पोरींचं गणित कधी ऐकलंयस? मजुरी हजारावर असते. आज सहाशे झाल्या, त्यातल्या कारखान्यात खराब म्हणून किती बाजूला काढल्या, राहिल्या त्याचे किती, आईला किती येणं. आठ वर्षांची पोरगी बोलता बोलता सांगते. तीच पोरगी पाटीवर ६०० वजा ३५ मांडलं की रडवेली होते. ब्राझीलच्या रेसिफे शहरात १९८५ मध्ये नेमकं हेच तपासलं गेलं. रस्त्यावर नारळ विकणाऱ्या पोराला विचारलं, पस्तीसचा एक तर दहा नारळांचे किती? त्यानं शून्य जोडला नाही. तिनाचे एकशे पाच, आणखी तीन म्हणजे दोनशे दहा, मग तीनशे पंधरा, मग साडेतीनशे. बाजारात या मुलांची जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर, तीच गणितं कागदावर आली की निम्म्याहून जास्त चुकली. आपल्या देशात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर झालेला असाच मोठा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात दुसरी बाजूही होती: शाळेत चांगलं गणित करणाऱ्या मुलांना बाजाराचा हिशेब जमत नव्हता.

यातून ‘व्यवहारातली उदाहरणं द्या’ एवढाच धडा काढू नकोस. तो सगळेच काढतात, आणि मग पुस्तकातल्या आंब्यांच्या जागी शेंगाचटणी येते, बाकी सगळं तसंच. पोरीची तोंडी रीत फळ्यावर तिच्याच पायऱ्यांनी लिही: सहाशेतून तीस गेले, पाचशे सत्तर, आणखी पाच गेले, पाचशे पासष्ट. मग शेजारी हातच्याची रीत लिही आणि वर्गाला विचार, दोन्हींत काय सारखं आहे? तिची रीत फळ्यावर आली की तिला पाटीची भीती वाटेनाशी होते. आणि ज्यांना फक्त पाटीच येते त्यांना पाव किलो, अर्धा किलोचा हिशेब तोंडी करायला लाव. पावकी, निमकी, दिडकी आमच्या आजोबांना येत होती ती काही शोभेसाठी नव्हती.

प्रशिक्षणांत सांगितल्या जाणाऱ्या काही गोष्टी मात्र दारातच ठेव. ‘काही मुलं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी, त्याप्रमाणे गट करा’ हे अजूनही पीपीटीत असतं. पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सगळे पुरावे चाळले. असे गट करून शिकवल्यानं फायदा होतो याला धड आधार सापडला नाही. काय दाखवायचं आणि काय हाताळायचं हे विषयावरून ठरतं. भूमितीला सगळ्यांनाच हात लागतो, कवितेला सगळ्यांनाच कान. ‘आपण वाचलेलं दहा टक्के लक्षात ठेवतो’ हा शंकू कुणी दाखवला तर चहा प्यायला बाहेर ये.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं ज्ञानरचनावादाचं काम गाजलं तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. परत आल्यावर पुष्कळांनी फरशी रंगवली. फरशी रंगवणं सोपं असतं गं. तिथं मूल काय बोलत होतं आणि बाई किती कमी बोलत होत्या, हे रंगात उतरत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. त्यानंतर पालकही विचारतात, डिसले सरांसारखा तुमच्याकडे क्यूआर कोड आहे का? कोड चांगलाच. मागे पडलेल्या मुलाला तीच कविता घरी पाच वेळा ऐकता येते, ही त्यातली खरी मेख. पण कोड आहे आणि घरचा एकमेव मोबाईल बापाबरोबर कामावर जातो, हेही तुलाच बघायचंय. ताराबाई मोडकांनी माँटेसरीचं शिक्षण आदिवासी पाड्यांत नेलं तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवली आणि शंख, शिंपले, दगड, पानं घेतली. सिद्धांत ठेवला, सामान बदललं. तू चिंचोके घे.

आणि पाठांतराला घाबरू नकोस. रचनावाद शिकून आलेल्या नव्या शिक्षकांना पाढे म्हणून घेताना चोरी केल्यासारखं वाटतं. समज आली, की सराव हवाच. मनात एका वेळी चार-पाच गोष्टीच धरता येतात. सात आठे छप्पन्न चटकन येत नसेल तर भागाकाराच्या मध्यावर मूल पाढ्यात बुडतं आणि भागाकार हातातून सुटतो. फक्त पाढा म्हणताना रोज ओळीनं नको. मधूनच विचार, उलटा विचार. रोएडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढलेलं जास्त टिकतं. म्हणून सकाळी फळा कोरा ठेव आणि विचार: काल काय झालं? मागच्या सोमवारी? गड्ड्याच्या जत्रेआधी? जानेवारीतली ती सुट्टी संपून आलेली मुलं नंदीध्वज आणि पाळण्यांबद्दलच बोलतील. बोलू दे, पण सुट्टीआधीचं विसरली म्हणून पहिल्यापासून शिकवायला बसू नकोस. अर्धवट विसरलेलं आठवून काढायला लावलं तर ते आधीपेक्षा घट्ट बसतं.

बक्षिसांबद्दल थोडंच. चॉकलेटवर वर्ग चालवू नकोस. १९७३ मध्ये लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या छोट्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं चित्रांकडे कमी वळली. ‘हुशार आहेस’ असंही कमी म्हण. ‘तू रेघा काढून मोजलंस ते मला आवडलं’ असं म्हण, म्हणजे उद्या काय करायचं ते मुलाला कळतं. मारायचं तर नाहीच. आरटीईच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि टोमणे दुसऱ्यात मोडतात.

एक दोनशेपानी वही घे. निरीक्षणाची नोंदवही वेगळी, ती साहेबांसाठी. या वहीत फक्त चुका लिही, मुलाचं नाव न घालता: काय विचारलं, काय उत्तर आलं, त्याच्या मते ते का बरोबर होतं. दिवसाला एक नोंद पुरे. पुढच्या वर्षी तोच धडा काढण्याआधी वही उघड. कुठल्या वळणावर वर्ग अडतो ते तुला आधीच दिसेल, आणि ते कुठल्याही गाईडमध्ये मिळायचं नाही, कारण अक्कलकोटची पोरं कशी अडतात हे अजून कुणी लिहिलेलं नाही.

वेळापत्रकाचं शेवटी. आपल्याकडे मार्चपासून ऊन चढतं आणि एप्रिलमध्ये पत्र्याखाली बसवत नाही. सकाळची शाळा लागली की नवं ते सगळं पहिल्या दीड तासात आटप. वजाबाकीचा गठ्ठा पहिल्यांदा सोडायचा असेल तर तो तेव्हाच. एरवीही दुपारच्या खिचडीनंतर नवीन काही काढू नकोस. तेव्हा गोष्ट सांग, गाणी घे, पाढे उलटे विचार. पोरं पेंगतील. तूही पेंगशील. फळ्याजवळ उभी राहा, खुर्चीत बसू नकोस.